नाडीचा ठोका आणि आयुष्याची दोरी

माझ्या आईला उतारवयात एक बारीक पांढरी गोळी सुरू झाली होती. डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिले होते : सोमवार ते शुक्रवार रोज एक, शनिवार-रविवार सुटी. आईला या सुटीची मोठी गंमत वाटे. "तुझ्या शाळेला शनिवारी सकाळची तरी शाळा असते, माझ्या गोळीला मात्र पुरते दोन दिवस मोकळे," असे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे. पुढे एकदा मी शाळेच्या कामासाठी आठवडाभर बंगळूरला गेलो होतो. त्या दिवसांत तिने काय समजूत करून घेतली कोण जाणे, पण ती गोळी तिने रोज सकाळ-संध्याकाळ घेतली. मी परत आलो तेव्हा तिचे जेवण तुटले होते, मळमळ थांबत नव्हती, आणि समोरच्या चुन्याच्या भिंतीकडे बोट दाखवून ती विचारीत होती, "हा पिवळा रंग कधी दिलास?"

आमच्या डॉक्टरांनी तिचे मनगट हातात धरले, घड्याळाकडे पाहिले आणि पहिला प्रश्न विचारला तो गोळ्यांच्या डबीबद्दल. गोळी बंद झाली, आईला दवाखान्यात ठेवावे लागले आणि पाच-सहा दिवसांनी भिंत पुन्हा पांढरी झाली. नंतर निवांतपणी डॉक्टर मला म्हणाले, "सर, या गोळीतले औषध एका फुलझाडाच्या पानातून येते. ते जास्त झाले की माणसाला पिवळे-हिरवे दिसू लागते, हे दोनशे वर्षांपूर्वी एका इंग्रज डॉक्टरने लिहून ठेवले आहे. तुम्ही इतिहासाचे माणूस, वाचून बघा एकदा."

त्यांच्या या वाक्याने मला नाद लागला. चुकणारे ठोके ताळ्यावर आणणाऱ्या औषधांचा इतिहास मी मिळेल तेथून वाचत गेलो. शिवाजी महाराज आणि फ्रेंच राज्यक्रांती शिकविण्यात ज्याची हयात गेली, त्याने वैद्यकावर लिहावे हा अधिकारातिक्रम आहे, याची मला जाणीव आहे. परंतु या इतिहासात एक प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो, आणि तो केवळ वैद्यकाचा नाही. नाडी सुधारली म्हणजे माणूस वाचला, असे समजावे काय?

ठोका चुकतो म्हणजे काय

प्रथम विषय समजण्यापुरते थोडे शरीरशास्त्र. हृदयाला चार कप्पे असतात. वरचे दोन अलिंद, खालचे दोन निलय. उजव्या अलिंदात पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. तेथून मिनिटाला साठ ते शंभर वेळा विजेचा सूक्ष्म झटका निघतो, तो ठरलेल्या वाटेने आधी अलिंदांत आणि मग निलयांत पसरतो आणि त्या लयीने हृदय आकुंचन पावते. शाळेच्या घंटेसारखी ही व्यवस्था आहे. एकाने घंटा द्यायची आणि सर्व वर्गांनी तिच्याप्रमाणे चालायचे.

ही व्यवस्था अनेक तऱ्हांनी बिघडते. कधी अलिंदांत शेकडो ठिकाणी एकाच वेळी घंटा वाजू लागतात. अलिंद आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरते आणि नाडी अत्यंत अनियमित होते. माझ्या आईचा विकार हाच. कधी निलयातून मध्येच एखादा अवांतर ठोका पडतो. 'काळजात धस्स झाले' असे आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा असाच एखादा निरुपद्रवी ठोका पडलेला असतो. आणि कधी निलयच थरथरू लागतात. तसे झाले की रक्त पुढे ढकलले जात नाही, आणि काही मिनिटांत उपाय झाला नाही तर माणूस जातो. पहिल्या प्रकारात माणूस वर्षानुवर्षे जगतो, शेवटच्यात घटकाभरही नाही. या दोन टोकांच्या मधल्या प्रदेशात औषधांचा सारा इतिहास घडला आहे.

अपयशासह लिहिलेले पुस्तक

डॉक्टरांनी ज्याचा उल्लेख केला तो इंग्रज म्हणजे विल्यम विदरिंग. जन्म १७४१. बर्मिंगहॅममध्ये त्याचा मोठा दवाखाना होता. वाफेच्या यंत्राचा जेम्स वॅट, प्राणवायूवर संशोधन करणारा जोसेफ प्रीस्टली, चार्ल्स डार्विनचे आजोबा इरॅस्मस डार्विन अशी मंडळी ज्या 'लुनार सोसायटी'त पौर्णिमेच्या सुमारास जमत, तिचा तो सभासद होता. पौर्णिमा एवढ्यासाठी की, रात्री घरी परतताना वाटेवर उजेड असावा.

१७७५ मध्ये एका घरगुती औषधाबद्दल त्याचे मत विचारण्यात आले. श्रॉपशरमधील एक वृद्ध बाई अंगावर सूज येऊन पाणी भरण्याच्या विकारावर एक काढा देत असे, आणि नामांकित डॉक्टरांनी हात टेकलेले रोगीही तिच्या काढ्याने बरे होत. काढ्यात वीसेक वनस्पती होत्या. विदरिंग वनस्पतिशास्त्राचा जाणकार असल्याने त्याने ओळखले की, यातली खरी कामाची एकच, फॉक्सग्लोव्ह. अंगठीच्या बोटात घालावीत अशी लांबट, जांभळी, लोंबती फुले हिला येतात. लॅटिनमध्ये बोटाला जो शब्द आहे त्यावरून लिओनहार्ट फुक्स या जर्मन पंडिताने १५४२ मध्ये तिला 'डिजिटॅलिस' हे नाव दिले होते. काढा देणाऱ्या या बाईचे नाव 'मदर हटन' होते, असे पुष्कळ पुस्तकांत आढळते. विदरिंगने मात्र तिचे नाव कोठेच दिलेले नाही. हे नाव विसाव्या शतकात एका अमेरिकन औषध कंपनीच्या जाहिरातीतून पसरले. जाहिरातीचा इतिहास कसा होतो, याचे हे चांगले उदाहरण म्हणून वर्गात सांगण्यासारखे आहे.

विदरिंगने दहा वर्षे हे औषध वापरले आणि १७८५ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. पान कधी तोडावे, कसे वाळवावे, मात्रा किती, हे सारे त्यात आहे. मात्रा वाढली की मळमळ, उलट्या, चक्कर येते, वस्तू हिरव्या-पिवळ्या दिसतात, नाडी मिनिटाला पस्तीसपर्यंत उतरते आणि शेवटी मृत्यूही येतो, हेही आहे. माझ्या आईची भिंत या पुस्तकात होती! हे औषध हृदयाच्या गतीवर आजवर कोणत्याही औषधात न दिसलेली सत्ता गाजवते, हे त्याने टिपले. परंतु त्या पुस्तकातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट निराळीच आहे. त्यात दीडशेहून अधिक रोग्यांच्या हकिकती आहेत, आणि विदरिंग प्रस्तावनेतच बजावतो की, यशस्वी हकिकती तेवढ्या निवडून औषधाची बाजू भक्कम करणे मला सोपे होते. पण सत्याला ते मानवले नसते. म्हणून मी ज्या ज्या रोग्याला हे औषध दिले त्या सर्वांची हकिकत, ती योग्य रीतीने दिली असो वा चुकीच्या, यशस्वी असो वा अयशस्वी, येथे दिली आहे. १७८५ साली, कोणी विचारणारे नसताना, एका गावंढ्या काढ्यावर पुस्तक लिहिणाऱ्या डॉक्टरने हा दंडक स्वतःला घालून घेतला. वाचकांनी तो ध्यानात ठेवावा. पुढे त्याची गरज पडणार आहे.

कोयनेलचा व्यापारी

डिजिटॅलिसला पुढचे शतक फारसे चांगले गेले नाही. तापापासून क्षयापर्यंत कशावरही, वाटेल त्या मात्रेत ते दिले जाऊ लागले आणि बदनाम झाले. त्याची जागा त्याला परत मिळवून दिली ती बर्नली या गिरण्यांच्या गावात प्रॅक्टिस करणाऱ्या जेम्स मॅकेन्झीने. तरुणपणी त्याच्या देखरेखीखाली असलेली, हृदयविकार जडलेली एक गरोदर स्त्री बाळंतपणात दगावली. आपल्याला हृदयाचे काहीच कळत नाही, हे शल्य त्याला लागले. तेव्हापासून कामगारांची घरे हिंडता हिंडता त्याने मनगटाची नाडी आणि मानेतल्या शिरेचा उसळा एकाच कागदावर रेखाटणारे यंत्र तयार केले. एकाच रोग्याला वीस-वीस वर्षे पाहणाऱ्या गावच्या डॉक्टरलाच जे दिसू शकते ते त्याला दिसले. विशिष्ट प्रकारच्या अनियमित नाडीत अलिंदाची लाट कागदावरून नाहीशी होते, आणि अशाच रोग्यांना डिजिटॅलिसचा उत्तम गुण येतो. ते औषध अलिंदाची थरथर थांबवीत नाही. वरून निलयाकडे धावणाऱ्या झटक्यांना अर्ध्या वाटेत आवरते, एवढेच. वर्गात गोंधळ चालूच राहतो, पण दार ओढून घेतल्याने तो व्हरांड्यात येत नाही. विलेम आइन्थोव्हेनने विसाव्या शतकाच्या आरंभी हृदयाची वीज कागदावर उतरविणारे ईसीजीचे यंत्र आणले आणि १९०९ मध्ये लंडनच्या थॉमस लुईसने ही थरथर त्यावर निर्विवाद दाखविली. आइन्थोव्हेनला १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

दुसरे औषध आले ते झाडाच्या सालीतून. दक्षिण अमेरिकेतील सिंकोना वृक्षाची साल हिवतापावर रामबाण. तिच्यातून निघणाऱ्या क्विनीनला आपली आजी-पणजी 'कोयनेल' म्हणत असे. इंग्रजांनी १८६० नंतर निलगिरीत या झाडाची लागवड केली, ती याच कोयनेलसाठी. या सालीचा धडधडीवर उपयोग होतो, असे फ्रान्सच्या पंधराव्या लुईचा वैद्य सेनॅक याने १७४९ मध्येच लिहिले होते. पण ते विस्मरणात गेले.

१९१२ मध्ये वेंकेबाख या डच हृदयतज्ज्ञाकडे एक व्यापारी आला. त्याची नाडी पूर्ण अनियमित होती. डॉक्टरांनी सांगितले, यावर आमच्याकडे उपाय नाही. हा मनुष्य हिशेबी होता. त्याला आपल्या कोणत्याही व्यवहारात अव्यवस्था खपत नसे. तो म्हणाला, मग हृदयाचे तज्ज्ञ आहेत तरी कशाला? मी स्वतः ही नाडी बंदिस्त करू शकतो, उद्या सकाळी दाखवतो. दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा नाडी घड्याळासारखी चालत होती. हिवतापाच्या मुलखात राहिल्याने त्याला क्विनीन घेण्याची सवय होती, आणि एक ग्रॅम क्विनीन घेतले की झटका थांबतो हे त्याला योगायोगाने कळले होते. वेंकेबाखचा मोठेपणा हा की, त्याने रोग्याकडून शिकलेली ही गोष्ट १९१४ मध्ये रोग्याच्या श्रेयासह छापली, आणि आपल्या इतर रोग्यांत हे फारच थोड्यांना लागू पडले, हेही मोकळेपणाने सांगितले. १९१८ मध्ये बर्लिनच्या फ्राय या डॉक्टरने त्याच सालीतले सख्खे भावंड क्विनिडीन हे अधिक परिणामकारक असल्याचे दाखविले. पुढची पन्नासएक वर्षे ठोक्यांच्या विकारावर क्विनिडीन हे मुख्य औषध राहिले.

परंतु क्विनिडीन घेणारे काही रोगी अचानक बेशुद्ध पडत, काही मरतही. कारण कळत नव्हते. १९६४ मध्ये अशा रोग्यांचे ईसीजी हाती आले तेव्हा उघड झाले की, बेशुद्धीच्या क्षणी निलय थरथरत होते. म्हणजे अलिंदाची लय सावरण्यासाठी दिलेले औषध निलयाची लय मोडीत होते. पुढे १९९० मध्ये सहा चाचण्यांतील ८०८ रोग्यांचा हिशेब एकत्र मांडला गेला. क्विनिडीन घेणाऱ्यांची नाडी अधिक काळ नियमित राहिली होती, आणि त्यांच्यातले मृत्यू मात्र शेकडा २.९, न घेणाऱ्यांत शेकडा ०.८.

हकीम अजमलखानांचे नाव

या कथेत आपल्या देशाचाही एक धागा आहे. तो फारसा कोणाला ठाऊक नसतो, म्हणून थोडे थांबून सांगतो. सर्पगंधा आपल्या सह्याद्रीतही मिळते. तिची मुळी वैद्य-हकीम वेड, अनिद्रा यांवर पिढ्यान्‌पिढ्या वापरीत आले. दिल्लीचे हकीम अजमलखान हे १९२१ च्या अहमदाबाद काँग्रेसचे अध्यक्ष. त्यांनी उभारलेल्या तिब्बिया महाविद्यालयाचे उद्घाटन त्याच वर्षी गांधीजींनी केले. युनानी औषधे आधुनिक रसायनशास्त्राच्या कसोटीवर घासून पाहावीत, या हेतूने त्यांनी सलीमुज्जमान सिद्दीकी या जर्मनीत शिकलेल्या तरुण रसायनतज्ज्ञाला हाताशी धरले. हकीमसाहेब १९२७ च्या अखेरीस वारले. सिद्दीकींनी १९३१ मध्ये सर्पगंधेच्या मुळीतून जी द्रव्ये वेगळी केली, त्यांतल्या एकाला आपल्या आश्रयदात्याचे नाव दिले. 'अजमलिन'.

सर्पगंधेची कीर्ती पुढे झाली ती रक्तदाबावरचे औषध म्हणून. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश नियतकालिकात लेख लिहून ती जगापुढे आणली. अजमलिन मात्र ठोक्यांवर चालते, असे नंतर युरोपात आढळले, आणि जर्मनीसारख्या देशांत ते वापरात आले. आज त्याचा उपयोग अधिक करून एका तपासणीसाठी होतो. वरकरणी धडधाकट माणसांना झोपेतसुद्धा अकस्मात मृत्यू आणणारा एक आनुवंशिक दोष आहे. १९९२ मध्ये ब्रुगाडा बंधूंनी तो वर्णिला. साध्या ईसीजीत तो लपून राहतो. अजमलिन शिरेतून दिले की तो कागदावर उमटतो. जे औषध लय बिघडवू शकते, त्याच्या त्या अवगुणाचाच परीक्षक म्हणून उपयोग करून घेतला गेला! सिद्दीकी १९५१ मध्ये पाकिस्तानात गेले आणि १९९४ मध्ये कराचीत वारले. सीमा माणसांच्या मधून जातात हे आम्हां सीमाभागातल्या लोकांना कोणी सांगायला नको. दिल्लीच्या हकिमाचे नाव मात्र त्या कुपीवर आजही आहे.

सुंदर आलेख

आता त्या प्रकरणाकडे येतो, ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला. १९६० नंतर हृदयविकाराचा झटका आलेल्यांसाठी इस्पितळांत वेगळे कक्ष निघाले. खाटेशेजारी पडदा आला आणि त्यावर ठोके चोवीस तास दिसू लागले. नॉर्मन होल्टरच्या यंत्रामुळे माणूस घरी हिंडत-फिरत असतानाही दिवसभराचे ठोके मोजता येऊ लागले. त्यातून एक गोष्ट पुढे आली. झटक्यातून वाचलेल्या ज्या रोग्यांत निलयाचे अवांतर ठोके जास्त दिसतात, ते पुढे अचानक दगावण्याची शक्यताही जास्त असते. हे निरीक्षण खरे होते.

त्यावरून निष्कर्ष असा काढला गेला : अवांतर ठोके दाबले की मृत्यू टळतील. किती सरळ तर्क! डॉक्टरांना पटला, औषध कंपन्यांना पटला, रोग्यांना तर पटणारच. नवनवी औषधे आली. त्यांतली फ्लेकेनाइड आणि एन्केनाइड ही दोन तर अवांतर ठोके जवळजवळ पुसून टाकीत. अमेरिकेत १९८५-८६ मध्ये त्यांना परवानगी मिळाली. औषधापूर्वीचा आलेख वेडावाकडा, औषधानंतरचा देखणा. याहून वेगळा पुरावा हवा कशाला?

तरीही काही जणांनी तो मागितला. अमेरिकेच्या राष्ट्रीय हृदय संस्थेने १९८७ मध्ये एक मोठी चाचणी सुरू केली. तिच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ती 'कास्ट' म्हणून ओळखली जाते. झटक्यातून वाचलेले आणि अवांतर ठोके असलेले रोगी निवडले. प्रत्येकाला आधी औषध देऊन पाहिले आणि ज्यांचे ठोके औषधाने खरोखर दबले, त्यांनाच पुढे घेतले. म्हणजे औषधाच्या दृष्टीने हे हुशार विद्यार्थीच! मग चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले. एका गटाला औषध, दुसऱ्याला दिसायला हुबेहूब तशीच पण औषध नसलेली गोळी. कोणाला काय मिळते हे रोग्याला ठाऊक नाही, डॉक्टरलाही नाही. अशा चाचणीवर पुष्कळांनी नाके मुरडली. निम्म्या रोग्यांना पोकळ गोळी देणे हा त्यांच्यावर अन्याय आहे, असे म्हणणारे होते. औषधाने अपाय होईल ही शक्यता इतकी दूरची वाटत होती की, मुळातला आकडेशास्त्रीय आराखडा फायदा होतो की नाही, एवढेच पाहण्यासाठी आखलेला होता.

एप्रिल १९८९ मध्ये या दोन औषधांची चाचणी अर्ध्यावरच थांबवावी लागली. अखेरचा हिशेब १९९१ मध्ये छापून आला. सरासरी दहा महिन्यांत औषध घेणाऱ्या ७५५ जणांपैकी ६३ मरण पावले. पोकळ गोळी घेणाऱ्या ७४३ जणांपैकी २६. ठोके बिघडून आलेले मृत्यू औषधाच्या गटात ४३, दुसऱ्या गटात १६. आणि ज्यांचे आलेख सर्वांत देखणे झाले होते, त्यांच्यातच हे घडले होते.

असे का व्हावे? ही औषधे हृदयातल्या विजेचा वेग मंद करतात. निरोगी हृदयात ते बहुधा चालून जाते. झटका येऊन गेलेल्या हृदयात मात्र मेलेल्या स्नायूचा व्रण असतो. नदीच्या पात्रात खडक असावा आणि प्रवाह मंदावला की त्याच्याभोवती भोवरा पडावा, तसा मंदावलेला झटका त्या व्रणाभोवती गरगर फिरू लागतो आणि निलयाला त्या भोवऱ्यात ओढतो. अवांतर ठोके हे दुखावलेल्या हृदयाचे लक्षण होते. मृत्यूचे कारण त्या दुखापतीत होते. लक्षण पुसले गेले, कारण बळावले.

एन्केनाइड १९९१ मध्ये बाजारातून उठले. फ्लेकेनाइड आजही आहे, पण ज्यांच्या हृदयाच्या रचनेत दोष नाही अशांसाठी, आणि तेथे ते उपयोगी आहे. औषध वाईट नव्हते. ते ज्यांना दिले गेले त्यांच्यासाठी चुकीचे होते. चाचणी होण्यापूर्वीच्या काही वर्षांत असंख्य रोग्यांना ती औषधे सद्‌हेतूने दिली गेली होती. त्यांत किती गेले, हे कधीच नेमके कळणार नाही. कारण झटका आलेला माणूस दगावला तर कोणी गोळीवर संशय घेत नाही. 'आयुष्याची दोरीच तेवढी होती,' असे म्हणून आपण तिसरा दिवस करतो.

तेरा वर्षे पडून राहिलेला कागद

याहून मला अस्वस्थ करणारी गोष्ट पुढे वाचायला मिळाली. १९८० मध्ये इंग्लंडमधील नॉटिंगहॅमच्या डॉक्टरांनी याच जातीच्या लॉर्केनाइड नावाच्या औषधाची लहानशी चाचणी केली होती. रोगी अवघे ९५. औषधाने ठोके दबले. औषधाच्या गटात ९ मृत्यू झाले, दुसऱ्या गटात १. डॉक्टरांना तो योगायोग वाटला. कंपनीने व्यापारी कारणांनी त्या औषधाचा नाद सोडला होता, त्यामुळे निबंध छापण्याची कोणाला निकड वाटली नाही. कागद कपाटात राहिला. तो छापून आला १९९३ मध्ये, 'कास्ट'चा निकाल जगजाहीर झाल्यानंतर. आमचे आकडे वेळीच प्रसिद्ध झाले असते तर पुढच्या संकटाची ती आगाऊ सूचना ठरली असती, अशी कबुली त्याच डॉक्टरांनी दिली.

कोणी खोटे बोलले नव्हते, कोणी आकडे बदलले नव्हते. फक्त अपयशाची हकिकत सांगायची राहिली. विदरिंगने दोनशे वर्षांपूर्वी स्वतःला घालून घेतलेला दंडक पाळायचा राहिला.

मग कोणती औषधे उरली?

चित्र सारेच काळे नाही. स्कॉटलंडचे जेम्स ब्लॅक यांनी १९६० नंतरच्या काळात हृदयावरील अॅड्रिनॅलिनचा मारा सौम्य करणारे प्रोप्रॅनोलॉल शोधले. त्यासाठी १९८८ च्या नोबेलमध्ये त्यांना वाटा मिळाला. झटक्यातून वाचलेल्या ३,८३७ रोग्यांवर ते तपासले गेले. त्याचा निकाल १९८१-८२ मध्ये लागला : मृत्यू शेकडा ९.८ वरून ७.२ वर आले. अवांतर ठोके पुसण्यात हे औषध फ्लेकेनाइडच्या जवळपासही जात नाही. आलेख देखणा करण्यात मागे, माणूस वाचविण्यात पुढे!

अमिओडेरोनची कथा इजिप्तच्या एका रानटी झाडापासून सुरू होते. कैरोच्या प्रयोगशाळेतील एक मदतनीस मूतखड्याच्या कळांवर त्याचा अर्क घेत होता आणि त्याच्या छातीतले दुखणेही थांबले. हे अॅनरेप नावाच्या शास्त्रज्ञाच्या लक्षात आले. त्या अर्काच्या धाग्यावरून १९६१ मध्ये बेल्जियममध्ये अमिओडेरोन तयार झाले, तेही छातीच्या दुखण्यासाठी. ठोक्यांवरचा त्याचा खास गुण १९७० मध्ये ऑक्सफर्डला व्हॉन विल्यम्स आणि त्यांचे सहकारी ब्रह्मा सिंग यांनी उलगडला. हे सिंग भारतीय वंशाचे, जन्म फिजीचा. औषध प्रभावी, पण वजनाच्या एक तृतीयांशाहून अधिक भाग आयोडीन. त्यामुळे थायरॉइड, फुप्फुस, डोळे सांभाळून द्यावे लागते. दुर्बळ हृदयाच्या २,५२१ रोग्यांची चाचणी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात या औषधाने मृत्यू कमी झाले नाहीत. छातीत बसविलेल्या, वेळ येताच विजेचा झटका देणाऱ्या यंत्राने ते कमी झाले.

आणि आईची ती पांढरी गोळी? १९९७ मध्ये ६,८०० रोग्यांवरच्या चाचणीचा निकाल आला. हृदय दुर्बळ झालेल्यांत, पण नाडी नियमित असलेल्यांत, डिगॉक्सिनने आयुष्य वाढत नाही, घटतही नाही. इस्पितळात जाण्याचे प्रसंग मात्र कमी होतात. अलिंदाच्या थरथरीत लयच मूळपदावर आणावी की वेग आवरून भागवावे, हा वाद २००२ च्या ४,०६० रोग्यांच्या चाचणीने वेगाच्या बाजूने झुकविला. २०२० मध्ये दुसऱ्या एका चाचणीने सांगितले की, दुखणे नवे असतानाच लय सावरली तर लाभ होतो. शास्त्र आपली उत्तरपत्रिका अशी पुन्हा पुन्हा तपासून घेते, म्हणूनच त्याच्यावर भरवसा ठेवायचा. हे वाचून कोणी आपली गोळी मनाने बंद करील तर ते माझ्या आईच्या चुकीइतकेच महागात पडेल. गोळी डॉक्टरांनी सुरू केली, तिचा प्रश्नही त्यांनाच विचारावा.

मुख्याध्यापक म्हणून शेवटी एक कबुली. दर वर्षी एसएसएलसीच्या निकालाच्या सुमारास गावोगावच्या शाळांचे फलक लागतात. निकाल शंभर टक्के! तो शंभर टक्के करण्यासाठी नववीत कोणाला थांबविले, कोणाला बाहेरून बसायला सांगितले, कोणाचा दाखला पालकांच्या हाती दिला, हे फलकावर नसते. मीही असे फलक लावले आहेत. आलेख देखणा असतो. ज्या मुलांची नावे त्या आलेखातून गळली, त्यांचे पुढे काय झाले, याची वही कोणी ठेवीत नाही. 'कास्ट'चे आकडे वाचताना मला माझ्या शाळेचा फलक आठवला, आणि गेल्या वर्षीपासून आम्ही गळालेल्या मुलांचीही एक वही ठेवू लागलो आहोत. विदरिंगने सांगितलेली रीत तेवढीच होती. ज्यांना ज्यांना औषध दिले, त्या सर्वांची नोंद.

आई त्या प्रसंगानंतर सहा वर्षे जगली. गोळ्यांच्या डबीवर मी सात वारांच्या सात खुणा केल्या होत्या. शनिवार-रविवारच्या खुणांपुढे तिने स्वतःच्या हाताने, थरथरत्या अक्षरांत लिहिले होते, 'सुटी'.